कावळा शिवला तेव्हा तू मान फिरवलीस

पंचवटी, नाशिक

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आजीच्या दहाव्याला तू माझ्या शेजारीच उभी होतीस. पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. पत्रावळीवरचे भाताचे गोळे उन्हाने वाळायला लागले, वरचे काळे तीळ सुटून खाली पडले. समोरच्या भिंतीवर चांगले सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. मग एकेक जण हात जोडून बोलू लागला. ‘धाकट्याचं लग्न आम्ही करू.’ ‘आबांना एकटं ठेवणार नाही.’ गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात तुझे बाबा पुढे झाले आणि म्हणाले, “आई, पोरीला शिकवू. तिला पाहिजे तेवढं शिकवू.” आणि कावळा उतरला. सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तू मान फिरवलीस.

रात्री तुझा फोन आला. “सर, हे सगळं खोटं आहे हे यांना कळत कसं नाही?” फोनवर मला काही सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मेंदू थांबल्यावर जाणीव मागे उरते, असा पुरावा मला कुठे भेटला नाही. म्हणजे मी तुझ्याच बाजूचा. पण माणूस मानायला कुठून लागतो आणि मानायचं कुठे थांबतो, याकडे मी आयुष्यभर बघत आलोय. त्यातलं थोडं तुला सांगावंसं वाटतं.

माझं मानणं कधी थांबलं ते मला नेमकं माहीत आहे. वडील गेले तेव्हा मी 19 वर्षांचा होतो. रामकुंडात अस्थी विरघळून जातात, म्हणून त्या जागेला अस्थिविलय तीर्थ म्हणतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी पाण्यात उतरून मडकं रिकामं केलं आणि, का कोण जाणे, वाकून तळाशी हात घातला. मुठीत वाळूबरोबर खरबरीत पांढरे तुकडे आले. वडिलांचे की आणखी कुणाचे, कळायला मार्ग नव्हता. जळलेलं हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि ते साध्या पाण्यात नावापुरतंच विरघळतं, हे मी पुढे शिकलो, शिकवलंही. पण विश्वास त्या मुठीतच गेला होता. रसायनशास्त्र मागाहून आलं.

त्याच घरात, त्याच महिन्यात आईचा विश्वास पक्का झाला. आमच्या वाड्याच्या जिन्याची सहावी पायरी करकरायची. वडील दुकान बंद करून सव्वानऊला घरी येत. त्या वेळेला आईला ती पायरी वाजलेली ऐकू यायची. ती उठायची, आमटी गरम करायला ठेवायची आणि मग तिच्या लक्षात यायचं. एका रात्री मी तिच्यावर ओरडलो, “तुला भास होतात, डॉक्टरला दाखवू.” त्यानंतर तिने पायरीचा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही. पायरी तिला ऐकू येतच राहिली असणार.

खूप वर्षांनी माझ्या वाचनात एक लेख आला. 1971 सालचा, वेल्समधल्या डेवी रीस नावाच्या डॉक्टरचा. त्याने 293 विधवा आणि विधुरांना भेटून विचारलं होतं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा वाटतो. कुणाला दिसतो, कुणाला त्याचा आवाज येतो. आणि त्यातल्या बहुतेकांनी ही गोष्ट तोवर कुणालाच सांगितली नव्हती. लेख वाचला तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तीस-चाळीस वर्षं रोज सव्वानऊला वाट बघणारा कान एका दिवसात वाट बघायचं सोडत नाही. तिला कुणी शास्त्र-पुराण शिकवलं म्हणून ती मानायला लागली नव्हती. तिला ऐकू येत होतं.

आता तुझ्या घरच्यांबद्दल. मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावर वेझो नावाचे कोळी लोक राहतात. रीटा अस्तुती आणि पॉल हॅरिस या दोन अभ्यासकांनी त्यांच्यात केलेलं एक काम 2008 साली प्रसिद्ध झालं. काहींना गोष्ट सांगितली की एक माणूस आजारी पडला आणि दवाखान्यात वारला. काहींना सांगितलं की एक माणूस वारला आणि घरच्यांनी त्याच्या थडग्याचं काम पुरं केलं. मग प्रश्न सारखेच: त्याला आता ऐकू येतं का? मुलांची नावं आठवतात का? थडग्याची गोष्ट ऐकलेल्यांकडून ‘हो’ जास्त आलं. गाव तेच, लोकही तसेच. समोर काय आहे, त्यावर उत्तर फिरलं.

तुझे बाबा आजीला घेऊन अतिदक्षता विभागात होते तेव्हाचं आठव. “सर, गेली, संपलं सगळं,” हे मला त्यांनीच सांगितलं. दहा दिवसांनी गंगेवर तेच आईशी बोलत होते. ढोंग यातलं कुठलंच नव्हतं. आपण सगळे असे दोन घरांत राहतो, आणि तूही राहतेस. आजीचा नंबर अजून तुझ्या फोनमध्ये आहे ना? काढू नकोस, मी त्यासाठी विचारत नाहीये.

आणखी एक. संशय घेणारी तू एकटीच, जगावेगळी, असं समजू नकोस. रामाने दशरथाचं श्राद्ध रामकुंडावर केलं असं आपल्याकडे मानतात. पण तो पंचवटीत यायच्या आधी, चित्रकूटला असतानाच, जाबाली नावाच्या ब्राह्मणाने त्याला तोंडावर विचारलं होतं: अन्नाची नासाडी बघ, मेलेला काय खाणार? राम चिडला, त्याने ते मानलं नाही. पण वाल्मीकीरामायणात तो प्रश्न आजही जागेवर आहे. आणि आपले तुकोबा? ‘भुके नाही अन्न । मेल्यावरी पिंडदान ॥’ वैकुंठाची आस असलेल्या माणसाचे हे शब्द आहेत.

काहींचा संशय तर माझ्यासारखा पाण्यात हात घालून आलेला नसतो. रामकुंडापासून काळाराम मंदिर पायी पाच-दहा मिनिटांवर. 2 मार्च 1930 ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, कारण अस्पृश्य ठरवलेल्यांना दार बंद होतं. माणसाला दाराबाहेर ठेवायचं आणि वर सांगायचं, मागच्या जन्मीचं पाप भोगतोयस. असा परलोक आणि असा पुनर्जन्म ज्याच्या पाठीवर लादला, तो त्याकडे तत्त्वज्ञान म्हणून कसा बघेल? 1935 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली आणि 1956 मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ‘मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही’ ही एक होती. हा नकार हिशेबाचा आहे, न्यायाचा. माझ्या संशयापेक्षा मला तो मोठा वाटतो.

म्हणून, पोरी, समोरचा काय मानतो यावर वाद घालण्याआधी ते त्याच्याकडे कुठून आलं ते विचार. दुःखातून आलं असेल तर गप्प बस, जवळ बस. भीतीतून आलं असेल तर मात्र गप्प बसू नकोस. मला कळलंय की परवापासून कुणीतरी घरी येऊन सांगतंय, आजीचा जीव अडकलाय, पितृदोष आहे, अमुक विधी केला नाही तर घरात अडचणी येतील. खर्चाचा आकडाही सांगितलाय. तिथे उभी राहा. आवाज चढवू नकोस. बाबांना एवढंच विचार, “आजी आपलं वाईट करेल का?” बाबांना स्वतःची आई माहीत आहे.

आबांना रात्री जाग येत असेल, तर त्यांना काय ऐकू येतं ते विचार. मी आईला विचारलं नाही.

रविवारी सकाळी पांडवलेणीला येशील? तिथल्या बौद्ध लेण्यांपैकी सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने, ते लेणं आईवडिलांना उद्देशून कोरून घेतलं. बौद्ध मत कायमचा आत्मा मानत नाही, तरी ह्या माणसाने आईवडिलांसाठी डोंगर फोडला. तिथे बसून तुझ्याशी बोलायचं आहे. सातला पायथ्याशी ये, ऊन चढायच्या आत वर जाऊ. येताना एम.एस्सी.च्या प्रवेशाचे कागदही आण. बाबांनी एवढ्या लोकांसमोर शब्द दिलाय, तो गरम आहे तोवर अर्ज भरून टाकू.

तुझा,
सर