आजोबांच्या पेटीत शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आणि राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेले चांदीचे) रुपये निघाले, काही हिरवे पडलेत. आमसुलाने घासून विकायला काढावेत का?

आमसूल, चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, यांतलं काहीच लावू नका. आम्लाने मळाबरोबर धातूचा वरचा थरही जातो. शिवराई नव्या तांब्यासारखी लालभडक झाली की जाणकार गिऱ्हाईक ती बघताच परत ठेवतं. तांब्यावरचा गडद तपकिरी किंवा घट्ट हिरवा थर ही घाण नव्हे, तो राहू द्या.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते) दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि सुती कपड्याने टिपून घ्या. घासायचं नाही. तेलकट चिकटा शुद्ध अॅसिटोनने निघतो. त्यासाठी नेलपॉलिश रिमूव्हर नको, आणि काम चुलीपासून लांब, उघड्यावर करा.

किनाऱ्यावरच्या घरांत खरी काळजी वेगळीच असते. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड असेल आणि पुसल्यावर आठवड्याभरात परत येत असेल, तर खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड तांब्यात शिरलंय. दमट हवेत ते तांबं पोखरत राहतं. अशी नाणी आधी बाजूला काढा. महिनाभर डिस्टिल्ड वॉटर बदलत भिजवली तर बरंच क्लोराइड उतरतं, पण नंतर कोरडी ठेवली नाहीत तर सगळं फुकट. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल टाका. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. हे आगोटीच्या आधी करा, जुलैत डबा उघडून काय करणार! मऊ पीव्हीसीची पाकिटं चिकट हिरवा थर सोडतात आणि रबरबँडमधलं गंधक चांदी काळी करतं, म्हणून दोन्ही टाळा. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर स्वस्त आणि चांगले.

आता ओळख. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळवा, तळाला टेकू देऊ नका. खऱ्याला १.१३ च्या आसपास आकडा येतो, तांबं-निकेलच्या नकलीला १.३ च्या. १८६२ साल बघून हुरळू नका, तोच आकडा १८७४ पर्यंत छापत होते. १९४० ते ४५ च्या राजाछाप रुपयात चांदी निम्मीच. १९३९ चा मात्र दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही भरपूर.

शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. ती थेट महाराजांच्या काळातली असेलच असं धरू नका. ही नाणी पुढेही पाडली जात होती आणि घरांत निघणारी बहुतेक त्या नंतरचीच असतात: अक्षरं वेडीवाकडी, मध्ये आडव्या दोन रेघा असतील तर ‘दुदांडी’. ठसा नाण्याहून मोठा असल्यामुळे अर्धं अक्षर बाहेर गेलेलं असणं स्वाभाविक आहे. उलट पृष्ठभागावर टाचणीएवढे खड्डे आणि कडेला जोड दिसला तर ते ओतलेलं, म्हणजे नकली.

दर्जा दहापट भिंगाखाली, तिरक्या उजेडात ठरवा. झीज आधी उंच भागांवर येते: राणीच्या केसांवर, मुकुटावर. ते सपाट झाले असतील तर ‘फाईन’, बारीक रेषा दिसत असतील तर ‘व्हेरी फाईन’ किंवा वर. घरातलं नाणं क्वचितच त्यापुढे जातं, आणि विकणारा ‘अनसर्क्युलेटेड’ (कधीच न वापरलेलं) म्हणतो तेव्हा मी आधी भिंगच काढतो.

सोनार चांदीचाच भाव देईल. एका राणीछापात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, तेवढी तुमची किमान किंमत; त्याखाली देऊ नका. शिवराई वजनावर कधीच नको. ‘जुन्या नाण्याचे लाखो मिळवा, आधी नोंदणी फी भरा’ ही फसवणूक आहे, रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. रामदरबाराचं चित्र आणि ‘१८१८ ईस्ट इंडिया कंपनी’ असं लिहिलेलं काही निघालं तर ते कंपनीचं नाणंच नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी धाडता येत नाहीत. पेटीतली नाणी वारशाने तुमची, पण भिंत पाडताना किंवा परसात खणताना काही सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.