ड्रमर पुण्याला जायच्या आधी

अगं,

परवा कॉलेज रोडला तुमचं वाजवून झाल्यावर तू जिन्यात उभी राहून जे बोललीस ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. ड्रमर जूनमध्ये पुण्याला चाललाय तर बँड ठेवायचा का मोडायचा, मराठीत गायचं का इंग्लिशमध्ये, आणि रेकॉर्डिंगला पैसे साठेपर्यंत थांबायचं का. मला यातला शेवटचाच प्रश्न खरा वाटतो. थांबू नका. जूनच्या आधी, आहे तसं, रेकॉर्ड करा.

आता तू म्हणशील दादा गिटार पातळ वाजते, ड्रमर पुढे पळतो, माझा आवाज वरच्या सुरात फाटतो. माहितीये मला, मी ऐकलंय. तरी आहे तसं.

१९९९ मध्ये आम्ही चौघं सिडकोत ड्रमरच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत वाजवायचो. भिंतींना जुन्या गाद्या बांधलेल्या, मे महिन्यात आत इतकं उकडायचं की घामाने गिटारच्या तारा आठवड्यात काळ्या पडायच्या. मी बेसवर. अकरा गाणी होती, सगळी आमची. पोरं म्हणायची टेप करून ठेवू, आणि मीच अडवायचो, की करायचं तर मुंबईला जाऊन स्टुडिओत नीट करू, टू-इन-वनवर माती करायची नाही. नऊ हजार साठवले पण. मग गिटारवाला नोकरीला बंगलोरला गेला आणि ते नऊ हजार आम्ही चौघांत वाटून घेतले.

उरलीये ती एक कॅसेट. कोणीतरी मला न विचारता बटण दाबून ठेवलं होतं. एका गाण्याचं पहिलं कडवं, मग शेजारच्या कुकरची शिट्टी, मग ड्रमरचं 'थांब थांब थांब', आणि खट्. दोन मिनिटं दहा सेकंद. गेल्या दिवाळीत आमचा तेव्हाचा ड्रमर जेल रोडला भेटला, म्हणाला ते पावसाचं गाणं कसं होतं रे, मी चाल धरली, आणि दुसऱ्या ओळीला आम्ही दोघंही अडकलो. रस्त्यात उभे, दोन चाळिशी ओलांडलेली माणसं, स्वतःचं गाणं आठवेना. म्हणून सांगतोय, आहे तसं रेकॉर्ड करा.

आणि मी काही नवीन सांगत नाहीये. बझकॉक्स या इंग्लंडच्या पंक बँडने ५०० पाउंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारीत स्वतःच्या लेबलवर हजार प्रती काढल्या, कंपनीची वाट नाही बघितली. रमोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम साधारण आठवड्याभरात झाला. ब्लिंक १८२ या बँडची पहिली डेमो १९९३ मध्ये ड्रमरच्या बेडरूममध्ये फोर-ट्रॅकवर, म्हणजे साध्या चार ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर केलेली, ड्रमरच्या बेडरूममध्ये! आणि तुझ्या ड्रमरची गोष्ट म्हणशील तर ग्रीन डे हा अमेरिकन बँड बघ. त्यांचा आधीचा ड्रमर १९९० मध्ये कॉलेजसाठी बाहेर पडला, मग ट्रे कूल हा नवा ड्रमर आला, आणि १९९४ ला त्यांना जगाने ओळखलं. पण तो जायच्या आधी त्यांचा पहिला अल्बम आलेला होता. ड्रमर जातातच गं. तो जायच्या आधी काय करून ठेवलंत एवढंच तुमच्या हातात आहे.

तुमचा ड्रमर ढोल पथकातून आलाय, त्याचा हात मिरवणुकीत बसलाय, म्हणून तो पुढे पळतो. त्याला क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक लावून ठरल्या लयीत बसवायला जाल तर तो दबून वाजवेल आणि तुमच्या गाण्यातला जीव जाईल. सगळे एका खोलीत, एकदम, त्याच्याकडे बघून वाजवा. एक माईक किकसमोर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसमोर, एक ड्रमच्या डोक्यावर, बेस सरळ इंटरफेसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या डबीत, गिटारचा अँप भिंतीकडे तोंड करून वर गोधडी. तुझा आवाज नंतर वेगळा घेऊ.

भाषेचं एका मिनिटात. मराठीत गा, पण बोलतेस तशी. परवा तू 'करते आहे' गात होतीस, त्या स्पीडला ते तोंडात मावत नाही, तू जिन्यात मला 'करतेय' म्हणालीस तेच गा. आणि कोरसची ओळ 'आ' किंवा 'ओ' या स्वरावर संपव, म्हणजे समोरच्यांना ओरडता येतं.

जागा मिळत नाही हे रडगाणं मला सांगू नकोस. ग्रीन डेचा पहिला शो १९८७ मध्ये त्यांच्या गायकाची, बिली जोची आई जिथे काम करायची त्या हॉटेलात झाला. तुझ्या मामांचा पाथर्डी फाट्याला हॉल आहे ना? बर्कलीला ते ज्या गिलमन स्ट्रीटच्या जागेत वाजवायचे ती पोरंच चालवायची, दारू बंद, कुठल्याही वयाचा माणूस आत. मामांना हे सांग, आईलाही सांग.

लोक अजून म्हणतात की मी सातपूरला नोकरी धरली म्हणून आमचा बँड मोडला. खोटं आहे ते. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला मी बेस पाठीला लावून सायकलवर सिडकोत यायचो, दोन वर्षं, एक दिवस चुकवला नाही. बँड नोकरीने नाही मोडला. अकरा गाणी असून हातात देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कोणाला थांबावंसं वाटलं नाही. आणि ते माझ्या 'नीट करू'मुळे. नोकरीचं मी कोणाला देणं लागत नाही, गाण्यांचं लागतो.

तू मनात म्हणत असशील की हा माणूस स्वतःचं राहिलेलं माझ्याकडून करून घेतोय. असेल. तरी जून येणारच आहे.

येत्या रविवारी मी दोन माईक आणि इंटरफेस घेऊन येतो, ड्रमरला सांग आदल्या रात्री जागरण नको. चार गाणी करू, प्रत्येकाचे तीन टेक, चौथा नाही. आणि खालच्या काकूंना विचारून ठेव पाण्याची मोटर किती वाजता लावतात ते, त्याच्या आधी सुरू करू.

तुझा,
दादा