चेहऱ्याच्या त्रिमितीय स्कॅनवर किती विसंबावे?

स्कॅनर निर्मात्याने छापलेला अचूकतेचा आकडा बहुधा स्थिर पुतळ्यावर मोजलेला असतो, आणि तुमच्यासमोरचा रुग्ण श्वास घेतो, गिळतो, नकळत ओठ आवळतो, हे आधी ध्यानात घ्या. अनेक कॅमेऱ्यांची यंत्रणा काही मिलिसेकंदांत चेहरा टिपते. हातात धरून फिरवायच्या स्कॅनरला मात्र काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात ओठांचे कोपरे हलतात. म्हणून एकाच रुग्णाचे, मध्ये उठवून पुन्हा बसवून, दोन-तीन स्कॅन घ्या आणि ते एकमेकांवर बसवून पाहा. तुमच्या हातची खरी त्रुटी तिथे दिसेल. दात-जबड्याच्या उपचारापूर्वीचा आणि नंतरचा स्कॅन जुळवताना कपाळ व नाकाचे मूळ यांचाच आधार घ्या, कारण ओठ-हनुवटी तर उपचाराने बदलणारच. साधारण 1 मिलिमीटरच्या आतली त्रुटी बहुतेक ठिकाणी चालते, पण ओठ अर्धा मिलिमीटर मागे गेला असा दावा करण्याआधी स्वतःची त्रुटी त्याहून कमी आहे ना, हे तपासा. दोन स्कॅनमधला फरक रंगांनी दाखवणाऱ्या नकाशातली सरासरी फसवी असते: धन-ऋण फरक एकमेकांना खाऊन टाकतात. केस, पापण्या आणि नाकपुड्यांखालचा सावलीचा भाग मोजणीतून वगळलेलाच बरा.