उत्तर: रायफलचा पट्टा युद्धकाळातला खरा की नंतरची नक्कल, हे कसं ओळखावं?

तुम्ही विचारलंय की लिलावात दोन पट्टे आलेत, एक ली-एनफिल्डचा सुती आणि एक जर्मन माउझरचा चामडी. विक्रेता दोन्ही दुसऱ्या महायुद्धातले म्हणतोय, तर अतिनील टॉर्च मारून पाहिलं की पुरे का?

नाही, पुरे नाही. त्या टॉर्चने आमच्या घरात बारा वर्षं भांडण लावून ठेवलंय, म्हणून एवढं लिहितोय.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. इटलीत सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ ला ज्या लढाईत नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्या लढाईत ते होते. परत येताना .३०३ चा, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलचा, एक सुती पट्टा सोबत आला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी तो कधी वळकटी बांधायला वापरला, कधी ट्रंकेला. आजी दर दिवाळीला घरातल्या तांब्या-पितळेबरोबर त्याची टोकंही चिंचेने घासायची आणि पट्टा धुण्याच्या पावडरीत भिजवायची.

आजोबा गेल्यावर माझा चुलत भाऊ तो पट्टा जुन्या लष्करी वस्तूंच्या एका जाणकाराकडे घेऊन गेला. त्याने टॉर्च मारली, पट्टा निळसर पांढरा चमकला. पितळ लखलखीत, वीण भरड. 'भारतीय माल आहे, नक्कल,' असं दोन मिनिटांत सांगून मोकळा झाला. दादाने घरी येऊन त्यावर कडी केली: म्हणजे आजोबा इटलीला गेलेच नसावेत! आजी तेव्हा हयात होती. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

आता एकेक घ्या. टॉर्चखाली चमकतं ते कपडे उजळ दिसावेत म्हणून साबणात घातलेलं रसायन. एकदा आधुनिक पावडरीत धुतलं की १९४२ चं सूतही चमकणार. न धुतलेला जुना पट्टा चमकत नाही हे खरं, पण चमकला म्हणजे खोटा हे साफ चूक. पितळेचं तेच. काळपट झाक हवी असेल तर नवीन पितळावर ती रसायनाने एका रात्रीत आणतात. आणि भरड विणीचं म्हणाल तर, इंग्लंडमधली कापडी पट्टी घट्ट विणीची असे, युद्धकाळात भारतात बनलेली त्या मानाने ढिली आणि खरबरीत. आपल्या जवानांच्या खांद्यावर कुणाचा पट्टा असणार होता? भारतीय बनावट म्हणजे नक्कल, हे म्हणणाऱ्याला सामानही कळत नाही आणि इतिहासही.

खरी परीक्षा दोऱ्याची. पितळी टोकाजवळच्या शिवणीतून सुटलेला एखादा धागा काढा आणि काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, राख होते. वितळून टणक मणी झाला तर दोरा कृत्रिम आहे. पॉलिस्टरचा शोधच १९४१ चा, तो बाजारात आला युद्धानंतर. शिवणीत पॉलिस्टर असेल तर एक तर पट्टा नंतरचा, नाही तर नंतर कुणी तरी शिवलेला. मग शिक्का शोधा. तो पितळेवर असतो किंवा लगतच्या सुतावर शाईने मारलेला: बाणाचं चिन्ह (ब्रिटिश सरकारी मालाची खूण), कारखान्याची अक्षरं, साल. इंग्लंडच्या पट्ट्यांवर एम. ई. कं. म्हणजे मिल्स इक्विपमेंट कंपनी पुष्कळदा दिसतं. शाई उडालेली असते, म्हणून टॉर्च साधी घ्या आणि आडवी धरा. आमच्या पट्ट्यावर मला असाच घडीच्या आत अर्धा बाण आणि '४२' दिसला. बारा वर्षं कुणी घडी उलगडून पाहिलीच नव्हती.

रुंदी सव्वा इंच आहे का तेही मोजा. पण त्यावर विसंबू नका, नक्कल करणाऱ्याकडेही मोजपट्टी असते.

चामडी पट्ट्याबद्दल माझा हात कमी बसलाय. एवढंच सांगतो, गरुडाचा ठसा आणि कारखान्याची कोड-अक्षरं पाहून पैसे देऊ नका, ठसा आज कुणीही मारतो. चामडं वर्षानुवर्षं जिथे वाकून बसलं असेल ती घडी, लांबटलेली भोकं, कडेची झीज बघा. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर रंग दिलाय.

एक राहिलं. स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे .३०३ होती, १९६० च्या दशकात इशापूरच्या सरकारी कारखान्यात तिच्याच धर्तीची ७.६२ मि.मी.ची रायफल बनू लागली, आणि तशाच धाटणीचे पट्टे बनत राहिले. ते नक्कल नाहीत, खरे लष्करी आहेत, पण युद्धातले नाहीत. विक्रेते साल खोडून तेच युद्धातले म्हणून खपवतात. तेव्हा घडीच्या आतला, आडव्या उजेडातला फोटो मागा. देत नसेल तर बोली लावू नका.

आणि हेही मान्य करतो की '४२' वरून पट्टा १९४२ चा ठरतो, आजोबा सेनियोवर होते हे ठरत नाही. ते त्यांच्या सर्व्हिस बुकावरून ठरतं. ते आजीच्या ट्रंकेतच होतं, पट्ट्याखाली. दादा, हे वाचत असशील तर, दोन्ही माझ्याकडे कपाटाच्या खालच्या खणात आहेत. दिवाळीला ये, भिंगही आणून ठेवलंय.