सीनियर इयरचे फोटो फॉल कलर्समध्ये (पानगळीच्या रंगीत पानांत) काढतोय. चेहरा पिवळट आणि काळपट का येतो?

तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, हाताशी एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि 50 एमएम एफ/1.8 लेन्स आहे. पानं झकास येतात, पण चेहरा बिघडतो. नवी लेन्स घेऊ नका. एपीएस-सीवर 50 ची लेन्स साधारण 75-80 एमएमसारखी दिसते, पोर्ट्रेटला ती उत्तमच. बदलायची आहे ती मुलीला उभं करायची जागा.

पिवळटपणा पानांचाच असतो. मेपलच्या फांद्यांखाली ऊन पानांतून गाळून येतं आणि खालच्या पाचोळ्यावरून उसळून हनुवटीवर पडतं. कपाळ हिरवट-पिवळं, हनुवटी नारिंगी. एकाच चेहऱ्यावर असे दोन रंग आले की व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगाचा तोल) कितीही फिरवा, एक सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून तिला झाडीच्या कडेला आणा. तोंड मोकळ्या मैदानाकडे, डोक्यावर फांदी नाही, रंगीत झाडं पाठीमागे निदान 6-7 मीटरवर. गालावर उन्हाचे कवडसे दिसले तर जागा सोडा, ते नंतर निघत नाहीत.

काळपटपणा मीटरिंगमुळे, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्यामुळे येतो. मागे उजळ पानं आणि आकाश, त्यामुळे कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढून चेहरा अंधारात ढकलतो. स्पॉट मीटर (फक्त छोट्याशा जागेचा उजेड मोजणारी सेटिंग) गालावर धरा. गव्हाळ त्वचेला मीटरने दाखवलेलं एक्स्पोजर किंवा त्यापेक्षा एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त पुरतं. गोऱ्या त्वचेसाठी सांगितलेला एक स्टॉप इथे लावला की कपाळ पांढरं पडतं. सुरुवात एफ/2.8, शटर 1/250, आयएसओ 400 वरून करा, फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर. ऊन मागून असेल तर दुकानातला पांढरा फोम बोर्ड छातीच्या उंचीला, समोरून थोडा वर कलता धरायला कुणाला तरी सांगा. डोळ्यांत चमक येते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, उबदार रंग तो पुसून टाकतो. 5600 केल्विन ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

वेळेचं गणित आधी करा. 20 ऑक्टोबरच्या सुमारास तिथे सूर्य सव्वासहाच्या थोडं आधी मावळतो, म्हणून पावणेपाचला जागेवर हवं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि पाचच्या आत अंधारायला लागतं; शाळा सुटल्यावर मग फार वेळ उरत नाही. उत्तरेकडचे डोंगर ऑक्टोबरच्या मध्यावर रंगतात, दक्षिणेला रंग नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतात. ढगाळ दिवस टाळू नका, पाऊस पडून गेल्यावर तर नाहीच: ओली खोडं काळी होतात आणि रंग उठून दिसतात. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) काढतो, बदल्यात दीडदोन स्टॉप उजेड खातो.

कपडे नेव्ही, क्रीम किंवा गडद हिरवे. नारिंगी-लाल कपडे पानांत विरघळतात. पैठणीतले फोटो हवे असतील तर मोरपंखी निवडा, केशरी नको. पानं उधळायचा फोटो शटर 1/800 वर आणि बर्स्टवर (सलग अनेक फोटो). पानं तोंडासमोर नाही, खांद्याच्या बाजूला उडवायला सांगा.

पाठ टेकायच्या आधी खोड नीट पाहा. लालभडक, तीन-तीन पानांची वेल आणि खोडाला चिकटलेला केसाळ दोर म्हणजे पॉयझन आयव्ही. ऑक्टोबरात ती सगळ्यात देखणी दिसते, आणि पुरळ मात्र तेवढंच उठवते. गवतात बसवलं असेल तर घरी गेल्यावर गोचिड्या तपासा, मोठ्या झालेल्या गोचिड्या याच महिन्यांत चावतात.

एडिटिंगमध्ये नारिंगीचं सॅच्युरेशन वाढवू नका, त्वचाही त्याच रंगात मोडते. लाल आणि पिवळा वाढवा, किंवा चेहऱ्याला मास्क लावून बाकीचं रंगवा. इयरबुकसाठी काही शाळा स्वतःच्या ठरलेल्या स्टुडिओचाच फोटो घेतात, तेव्हा ऑफिसात मुदत आणि नियम आधीच विचारून घ्या.