‘बसॉल्ट’मध्ये पायाही नाही आणि मीठही नाही

आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचे इंग्रजी नाव ‘बेस-ऑल्ट’ असे तोडावे की ‘बे-सॉल्ट’ असे, आणि त्याचा उच्चार काय करावा, अशी पृच्छा आहे. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन बोलताना पुढच्या स्वराला चिकटते, म्हणून ‘स’ दुसऱ्या अक्षरात जातो. उच्चार ‘बसॉल्ट’ असा दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन किंवा ‘बॅसॉल्ट’ असा पहिल्यावर जोर देऊन करावा. ‘बेसॉल्ट’ला अमेरिकी कोशांत जागा आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या ‘बे’मुळेच गडावरचे हौशी वाटाडे ‘सह्याद्रीचा पाया, म्हणून बेस’ असे छातीठोकपणे सांगतात, आणि ते ऐकून माझे कान किटले आहेत.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. लॅटिनमधला ‘बसाल्टेस’ हा शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते नकलनविसाच्या चुकीतून जन्मला: रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथात मूळ ‘बसानिटेस’ असावा, आणि त्याच्या मागे ग्रीक ‘बसानोस’ उभा आहे. बसानोस म्हणजे सोने घासून पाहण्याचा काळा दगड, म्हणजेच आपली कसोटी! सराफ त्या दगडावर दागिना ओढतो आणि उमटलेल्या पिवळ्या रेघेवरून कस ठरवतो. आपल्या कसोटीचा अर्थ जसा दगडावरून परीक्षेवर गेला, तसाच बसानोसचाही गेला; फक्त ग्रीक त्याहून पुढे गेले आणि अथेन्सच्या न्यायव्यवस्थेत गुलामाचा छळ करून घेतलेल्या साक्षीलाही त्यांनी हेच नाव दिले. (सराफाचा दगड मात्र सहसा बसॉल्ट नसतो, तो गारेच्या जातीचा असतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) हा शब्द सीरियाकडच्या बाशान प्रांतावरून आला असे म्हणणारेही आहेत, पण तिथे काळा दगड विपुल आहे एवढ्यावरून नाते जुळवणे म्हणजे आडनाव सारखे म्हणून सोयर सांगण्यासारखे आहे. ‘बसानोस’च्याही मागे ‘बेखेन’ हे एका काळपट दगडाचे इजिप्शियन नाव असावे, हे मत मला अधिक पटते.

पुढे 1546 मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ आग्रिकोलाने सॅक्सनीतील श्टोल्पेन किल्ल्याखालच्या खांबांसारख्या काळ्या खडकाला हे नाव लावले आणि नकलनविसाची चूक भूशास्त्रात कायमची रुजली. परिभाषाकारांचा ‘असिताश्म’ हा मराठी प्रतिशब्द रेखीव असला, तरी वेरूळचे कैलास लेणे असिताश्मात खोदले आहे असे बोलताना मी कोणालाही ऐकलेले नाही. तेव्हा ‘काळा पाषाण’ म्हणावे. इंग्रजी नावच हवे असेल, तर ‘बसॉल्ट’ लिहावे.