रात्रीचा हळू आवाज

प्रश्न : सासूबाई आजारी असतात, त्यामुळे रात्री गाणं अगदी हळू लावावं लागतं. मग तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही. कोणते स्पीकर घ्यावेत?

उत्तर : ताई, घाईने नवे घेऊ नका. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्ज, म्हणजे खालचे जाड स्वर, आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असेल तर रात्री ते चालू ठेवा. त्याने हळू आवाजात खर्ज उचलला जातो.

दुसरं, स्पीकर जवळ आणा. माझे खुर्चीपासून हातभर अंतरावर आहेत, ट्वीटर (उंच, बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. स्पीकरच्या मागची भिंत वीतभर लांब, तिच्यामुळेही खर्ज भरतो. आवाज इतका हळू की स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू येतो, तरी तानपुऱ्याची खर्जाची तार वेगळी कळते.

तरीही घ्यायचेच झाले, तर वॅटच्या आकड्याला भुलू नका; हळू ऐकायला एक वॅटही पुष्कळ होतो. दुकानात मालक आवाज चढवतीलच. तुम्ही आग्रहाने कमी करायला लावा आणि आपल्या ओळखीचा विलंबित ख्याल ऐका. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे मनगट घासून काढलेला घुमारा, ऐकू आला, तर तेच घ्या.